शेजारच्या सीटवरचे पाय

चोपड्याला घरी येऊन आज नऊ दिवस झाले. रोज कुणीतरी विचारतं, बंगलोरला काय काय पाहिलंस? शेजारच्या काकूंना राजवाडा, मोठी बाग, काचेच्या इमारती यांच्याबद्दल ऐकायचं असतं. मी काहीतरी सांगते आणि विषय बदलते. तिथे मी दोन वर्षं शिकले, पण हॉस्टेल, लायब्ररी आणि बसस्टॉप यांच्यापलीकडे शहर दिसलं ते शेवटच्या दोन महिन्यांत. तेही ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगानं, लाल ‘एल’ चिकटवलेल्या काचेतून.

त्या दोन महिन्यांत मी गाडी शिकले आणि लायसन्स काढलं. त्यात सांगण्यासारखं काही आहे का, याची मला अजूनही खात्री नाही. आमच्या घरात सायकलच्या पुढचं वाहन कधी आलं नाही. वडील जिनिंगमध्ये कामाला आहेत. कॉलेजात गेलेली घरातली पहिली मी, तशी स्टेअरिंगला हात लावणारीही पहिली मीच. परराज्य म्हणजे परदेश नव्हे, हे मला कळतं. पण रस्त्यावरची पाटी वाचता येत नाही आणि मागचा माणूस खिडकीतून ओरडतो ते कौतुक आहे की शिवी हे समजत नाही, तेव्हा दोन्हींत फारसा फरक राहत नाही.

बोम्मसंद्रा

गाडी शिकायचं कारण बोम्मसंद्र्यात होतं. होसूर रोडनं शहराबाहेर पडलं की कारखान्यांचा पट्टा लागतो. रस्ताभर ट्रक, आणि दुपारी शिफ्ट सुटली की हजारो माणसं एकदम रस्त्यावर. तिथे एका लहान प्रयोगशाळेत मी मुलाखतीला गेले होते. आसपासच्या गावांतल्या बोअरवेलचं पाणी तपासायचं, असं त्यांचं काम. माझं एम.एस्सी. पाण्यावरच झालंय. बसमधून उतरून दोन किलोमीटर चालत गेले, तेव्हा माझ्या पांढऱ्या ओढणीचा रंग बदललेला होता.

तिथल्या प्रमुख जयंती मॅडम. त्यांनी पाऊण तास प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाल्या, “पाण्याचं सगळं तुला येतं. गाडी येते का?”

त्यांना नमुने गोळा करायला असं माणूस हवं होतं, जे स्वतः व्हॅन चालवत गावोगाव जाईल. वेगळा ड्रायव्हर ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं.

“शिकते आहे, मॅडम,” मी म्हणाले. हे खरं नव्हतं. शिकायचं मी ते वाक्य बोलतानाच ठरवलं.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दीड महिन्यानं एका सोमवारी काम सुरू होणार होतं. “त्या सोमवारी पक्कं लायसन्स दाखव आणि किल्ली घे. नसेल तर यादीतल्या पुढच्याला बोलवावं लागेल.”

परतीच्या बसमध्ये मी हिशेब लावला. शिकाऊ लायसन्स आठवड्यात मिळेल, मग तीस दिवस थांबायचं, मग परीक्षा. जमत होतं, पण एकदाच. नापास झालं तर पुढची परीक्षा सात दिवसांनंतरच देता येते, आणि तोवर तो सोमवार निघून गेलेला असणार.

एचएसआर लेआउट, सकाळी सहा

हॉस्टेल सोडल्यावर माझी खोली एचएसआरमध्ये एका पीजीत, म्हणजे पैसे भरून राहायच्या घरात होती. खोलीत माझ्यासोबत सविता, निपाणीकडची. ती कोरमंगलात एका कंपनीत काम करते आणि कन्नड व मराठी दोन्ही एकाच दमात बोलते. तिनंच चौकाजवळची ड्रायव्हिंग स्कूल शोधून दिली.

पहिल्या सकाळी पांढऱ्या छोट्या गाडीजवळ एक साठीचे गृहस्थ उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, कपाळाला विभूती, पाय अनवाणी. चपला त्यांनी मागच्या सीटखाली काढून ठेवल्या होत्या. आरशाला मोगऱ्याचा ताजा गजरा अडकवला, स्टेअरिंगला हात लावून डोळ्यांना लावला आणि मला हिंदीत म्हणाले, “बैठो. डरना नहीं.”

पंधरा मिनिटं ते हिंदीत सांगत होते आणि मी हिंदीत “जी सर” म्हणत होते. मग एका वळणावर समोरून बस आली आणि माझ्या तोंडून निघालं, “अगं आई गं!”

गाडी अलगद थांबली. ते माझ्याकडे वळले. “महाराष्ट्राची काय मा तू? मग सांगायचं नाही? मी इथं हिंदीत मरतोय.”

त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपासून बंगलोरात आहे. मूळ गाव कुठलं ते आता घरात कुणालाच माहीत नाही. त्यांची मराठी ऐकायला मला आधी कान लावावा लागे. “काका म्हणू नको,” ते म्हणाले. “इथं अण्णा म्हणायचं. आता क्लच स्वल्प सोड. स्वल्प! सगळा नको.”

मी क्लच सोडला. लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी निघाली.

पहिले दोन आठवडे असेच गेले. घाबरायची मी, पण गाडी कधी बंद पडली नाही. सिग्नलला थांबायची, हिरवा झाला की निघायची. क्लचचं पायडल फार मऊ होतं, कधीकधी माझ्या पायाखाली आपोआपच खाली जायचं. मला वाटायचं, गाड्यांचं असंच असतं. अण्णांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक होते, ते मी पाहिले होते. पण ते काही अडलंनडलं तर वापरायचे, अशी माझी समजूत.

तासानंतर अण्णा कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफी पाजत. एक कॉफी दोन पेल्यांत वाटून घ्यायची तिथली पद्धत आहे, तिला ‘बाय टू’ म्हणतात. आमच्याकडे पाहुण्याला अर्धा कप दिला तर त्याची चर्चा वर्षभर होईल. इथे मात्र चांगल्या शर्टातली माणसंही अर्धा पेला संपवून समाधानानं ऑफिसला जातात. सोबत ताटलीएवढी इडली. चव चांगली, पण मला तिखटाशिवाय चालत नाही. एकदा मी चटणीत मिरची मागितली, तर वाढणारा माझ्याकडे बघतच राहिला.

“कशी चालवते मी, अण्णा?” मी विचारायची.

“सरी आहे,” ते म्हणायचे, म्हणजे ठीक आहे. “पास होशील.”

रात्री आईला फोनवर सांगितलं की माझी गाडी एकदाही बंद पडली नाही. तिनं ते अख्ख्या गल्लीला सांगितलं.

मागची सीट

पंधराव्या दिवशी स्कूलची दुसरी गाडी गॅरेजमध्ये गेली, म्हणून त्या गाडीवर शिकणाऱ्या शैलजा अक्का आमच्या तासाला आल्या. पंचेचाळिशीच्या, घरी नवऱ्याची गाडी उभी आणि नवरा परगावी. अर्धा तास त्या चालवणार, अर्धा तास मी. मी मागे बसले.

त्या गाडीत मी पहिल्यांदाच मागे बसले होते. दोन सीटच्या मधून समोरचं दिसत होतं, आणि अण्णांचे पायही.

ते पाय काम करत होते. शैलजा अक्का गप्पा मारत, हसत स्टेअरिंग फिरवत होत्या. अण्णांचे अनवाणी पाय खाली-वर होत होते. डावा दाबला, गिअर पडला. डावा हळूहळू वर आला, गाडी निघाली. उजवा दाबला, रिक्षाच्या मागे आम्ही अलगद थांबलो. अक्कांचा पाय क्लचवर नुसता ठेवलेला होता, पाटावर ठेवावा तसा. अण्णांनी दाबलं की त्यांचं पायडलही सोबत खाली जाई. त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

“बघितलंस?” त्या मागे वळून मला हिंदीत म्हणाल्या. “आज एकदाही बंद नाही पडली!”

मला हसता आलं नाही. पंधरा दिवस मी जे चालवत होते ते काय होतं, हे मला कळलं होतं.

माझी पाळी आली तेव्हा मी इंजिन सुरू केलं नाही. “अण्णा, पाय वर घ्या.”

“काय?”

“तुमचे पाय. मांडी घालून बसा.”

ते रागावले नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला. “सगळ्यांचं असंच असतं मा. तीस दिवसांत क्लच कुणाला येतो? माणूस घाबरून गाडी सोडून जाऊ नये म्हणून स्वल्प मदत करायची. मग घरच्या गाडीवर शिकतात आपापले.”

“माझ्या घरी गाडी नाही,” मी म्हणाले. “आणि मला एकटीला व्हॅन न्यायची आहे.”

अण्णांनी हँडब्रेकवर हात ठेवला. मग एक-एक पाय उचलून सीटवर घेतला आणि पंगतीला बसल्यासारखे मांडी घालून बसले. मी क्लच सोडला. गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली. शैलजा अक्का मागून म्हणाल्या, “अय्यो! हे काय झालं?”

मांडी घालून

त्यानंतरचे पंधरा दिवस कसे गेले ते मला आठवतं, पण आठवावंसं वाटत नाही. गाडी दिवसाला वीस-पंचवीस वेळा बंद पडे. सेक्टरमधले रस्ते सकाळी रिकामे असतात म्हणावं, तर कुत्र्याला फिरवणारे, पळणारे, दूधवाले, सामान पोचवणारी पोरं, सगळे नेमके माझ्यापुढे. आणि दर शंभर पावलांवर गतिरोधक. चोपड्यात एक आहे, तोही कुणी मोजत नाही.

एका सिग्नलला गाडी सलग चार वेळा बंद पडली. मागचा रिक्षावाला उतरून आला, आत डोकावला आणि मांडी घातलेल्या अण्णांना पाहून थबकला. कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. अण्णा मोठ्यानं हसले.

“काय म्हणाला?”

“म्हणतो, स्वामीजी, प्रवचन संपलं असेल तर रस्ता सोडा.”

मला हसू आलं आणि त्याबरोबरच रडूही. संध्याकाळी गुडघा दुखायचा, डावा. दिवसभर प्रबंधाच्या दुरुस्त्या करायच्या आणि पहाटे पुन्हा उठायचं. पीजीतला सकाळचा नाश्ता मी परत येईपर्यंत संपलेला असायचा. सविता माझ्यासाठी दोन पोळ्या वहीच्या कागदात बांधून ठेवायची आणि वर म्हणायची, “काय करालीस गं हे? सगळे लायसन्स काढत्यात. तूच तेवढी गाडी शिकालीस!”

सर्वांत वाईट होता चढ. अगरा तळ्याजवळच्या एका चढावर अण्णा मला रोज नेत. अर्ध्यावर थांबायचं आणि मागे न घसरता निघायचं. हँडब्रेक ओढलेला ठेवायचा, क्लच वर आणत आणत गाडीचं नाक उचललेलं जाणवलं की मगच ब्रेक सोडायचा. हे लिहायला एक ओळ पुरते. मला ते दहांतून चारदा जमे. उरलेल्या सहा वेळा अण्णा स्वतःच हँडब्रेक ओढत, पाय मात्र मांडीतच ठेवत. मागे घसरताना त्यांच्या पायांची बोटं घट्ट आखडायची. त्यांनाही ते सोपं जात नव्हतं, हे मला दिसायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, “उद्या मी शेजारी असणार. स्कूलच्या गाडीत शिकवणारा बसतो, तशी रीत आहे. पाय खाली ठेवू काय?”

परीक्षा गुरुवारी होती आणि पुढचा सोमवार म्हणजे बोम्मसंद्रा.

“नको,” मी म्हणाले. पण फार ठामपणे नाही.

“सरी,” अण्णा म्हणाले.

परीक्षेचं मैदान

मैदानाला पत्र्याचं कुंपण, आत आठाच्या आकड्याचा रस्ता, मागे घ्यायची जागा आणि शेवटी सिमेंटचा एक चढ. सत्तर-ऐंशी माणसं उन्हात रांगेत. एकाच कडुनिंबाची सावली होती, ती सर्वांनी बोटभर वाटून घेतली होती. परीक्षा घेणाऱ्या बाई चाळिशीच्या, डोक्यावर टोपी, हातात टॅब. त्या चढाजवळ उभ्या होत्या आणि फारसं बोलत नव्हत्या.

माझा नंबर साडेबाराला आला. अण्णा शेजारी मांडी घालून बसले. आठाचा आकडा झाला. गाडी मागे घेतली, खांबाला लागली नाही. मग चढ.

अर्ध्यावर थांबले. क्लच वर आणला, नाक उचललं असं वाटलं, ब्रेक सोडला, आणि गाडी मागे निघाली. मी पाहिलं ते फक्त आरशात, मागचं पांढरं पत्र्याचं कुंपण मोठं होत होतं. तेवढ्यात माझ्या पायाशेजारचं ब्रेकचं पायडल आपोआप खाली गेलं. गाडी थांबली. मग पायडल हळूहळू वर आलं, मी रेस दिली, आणि आम्ही चढून गेलो.

मी डावीकडे पाहिलं. अण्णांचा एक पाय खाली होता. ते स्वतःच त्या पायाकडे बघत होते.

“मी मुद्दाम नाही केलं मा,” ते हळूच म्हणाले. “गेला पाय. बावीस वर्षांची सवय.”

बाई खिडकीशी आल्या. टॅबवर बोट टेकवायच्या बेतात होत्या. “ओके,” म्हणाल्या.

मी खरं बोलले ते काही फार चांगल्या मनानं नाही. मला भीती वाटली. बोम्मसंद्र्याच्या पलीकडे एखाद्या गावाच्या चढावर व्हॅन मागे येते आहे आणि शेजारची सीट रिकामी आहे, एवढंच डोळ्यांपुढे आलं.

“मॅडम, वो ब्रेक मेरा नहीं था.”

“तो किसका था?”

अण्णा माझा हात दाबून म्हणाले, “बोलू नको मा.” पण बाई वाट पाहत होत्या, मागची रांग वाट पाहत होती. अण्णांनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला. “मेरा पैर था, मॅडम.”

त्या पहिल्यांदाच हसल्या, थकल्यासारख्या. “आप क्यों टेस्ट दे रहे हो? आपका तो लाइसेंस है ना, अण्णा?” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सात दिन बाद.” आणि बोट टेकवलं.

परत येताना अण्णांनी गाडी चालवली. सिल्क बोर्ड चौकाच्या गर्दीत अडकल्यावर ते म्हणाले, “इतक्या वर्षांत कुणी माझा पाय नापास केला नव्हता.”

“मी नापास झाले, अण्णा.”

“तेच की,” ते म्हणाले, आणि खिडकीची काच वर घेतली.

संध्याकाळी जयंती मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “सोमवारी मला माणूस लागणारच आहे,” त्या म्हणाल्या. “यादीतल्या दुसऱ्या मुलाला बोलावते. वाईट वाटतं मला.” नापास का झाले हे मी सांगितलं नाही. सांगून काही बदललं असतं असं वाटत नाही.

सविता ऑफिसातून आली तेव्हा मी पलंगावर पडून होते. तिनं सगळं ऐकलं, बॅग खाली टाकली. “येडी हाईस काय गं? ते विचारलं होतं का तुला कुणी?” मग दिवा बंद करून माझ्या पायाशी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “मला पण कुणी विचारलं नसतं. मी गप्प बसले असते बघ.”

पुन्हा तिथेच

पुढच्या आठवड्यात मी परीक्षेला जाणारच नव्हते. गावाकडचं तिकीट काढायचं ठरवलं होतं. पण सोमवारी सहाला अण्णांचा फोन आला. “खाली ये. गाडी उभी आहे.”

“नोकरी गेली, अण्णा. आता कशाला?”

“नोकरी गेली म्हणून पाय घरी ठेवणार काय? ये.”

चार दिवस आम्ही फक्त चढ केला. तिथे अण्णा गाडीत बसलेच नाहीत. चढाच्या कडेला उभे राहायचे, हात मागे बांधून, आणि मी निघाले की चालत वर यायचे. अण्णांचं वय पाहता मला माझीच लाज वाटायची. पाच-सहा फेऱ्यांनंतर ते दम खात दगडावर बसत आणि तिथूनच हातानं खूण करत, पुन्हा.

मुदत संपताच पुढची तारीख मिळाली. मैदान तेच, त्याच बाई. त्यांनी मला ओळखलं. अण्णांना दोरीपलीकडे उभं राहायला सांगितलं आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन बसल्या. बूट जमिनीवर, पायडलांपासून लांब, दिसतील असे.

चढावर गाडी थांबवली. क्लच वर आणला. नाक उचललं. मी लगेच ब्रेक सोडला नाही. अजून थोडं, अजून थोडं. मग सोडला. गाडी दोन बोटं मागे आली असेल. मग वर गेली.

बाईंनी टॅबवर बोट टेकवलं, दार उघडलं आणि मागच्या माणसाला म्हणाल्या, “नेक्स्ट.”

दोरीपाशी अण्णा उभे होते. मी मान हलवली. त्यांनी किल्ली माझ्या हातातच राहू दिली आणि डावीकडच्या दारानं आत बसले. “चल. घरी.”

दुपारची वेळ, ऊन कडक. आरशाला सकाळचा गजरा मलूल लोंबत होता. होसूर रोडला लागले तेव्हा शेजारून एक पांढरी व्हॅन पुढे गेली. ती प्रयोगशाळेचीच होती असं नाही, पण मला प्रत्येक व्हॅन तीच वाटत होती. आत कुणी मुलगा असेल, मागे बाटल्या असतील. मला त्याचा राग आला नाही. दमले होते, त्यामुळेही असेल.

मग लक्षात आलं की बराच वेळ अण्णांनी काही सांगितलेलं नाही. स्वल्प नाही, सरी नाही. सिग्नलला थांबले तेव्हा डावीकडे पाहिलं. अण्णांची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं, दोन्ही पाय मांडीत घेतलेले. ते गाढ झोपले होते.

आम्ही उड्डाणपुलाच्या चढावर होतो आणि आरशात मागे बस टेकल्यासारखी दिसत होती. सिग्नल हिरवा झाला. बसनं हॉर्न दिला, मग तिच्या मागच्यानं दिला. मी हँडब्रेकवर हात ठेवला आणि नाक उचलायची वाट पाहिली. अण्णा जागे होऊ नयेत म्हणून गाडी अगदी हळू काढली.